मागची दोन चाकं

"ब्रेक नको, अल्बिन! ब्रेक नको म्हणतेय ना!"

गेर्लिंडेचं वाक्य संपेपर्यंत अल्बिनने ब्रेक दाबला होता. गाडीचं नाक रस्त्यावर राहिलं आणि मागचा भाग सावकाश फिरून डोंगराकडच्या चरात जाऊन बसला. वेग बेताचाच होता, त्यामुळे कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गेर्लिंडेच्या मांडीवरची फाइल मात्र पायाशी पडली आणि आतले कागद ओल्या पायपुसण्यावर पसरले. लग्नाचा दाखला सगळ्यात वर.

"घसरली," अल्बिन म्हणाला.

"हो का? मला वाटलं, इथेच लावायची होती तुला."

सव्वादहा वाजले होते. अकरा वाजता खाली जिल्ह्याच्या गावी, कोर्टात उभं राहायचं होतं. दोघांनीही. एक जण जरी आला नाही तरी घटस्फोट होत नाही, असं नोटिशीत ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. पहाटेपासून बर्फ पडत होता. गेर्लिंडे साडेआठच्या बसने जायचं म्हणत होती. "एकाच ठिकाणी जायचंय, दारात गाडी आहे, मग बस कशाला?" असं म्हणून अल्बिनने तिला थांबवलं, आणि नंतर गाडीची किल्ली शोधण्यात पाऊण तास घालवला.

ती खाली उतरली. कोर्टासाठी घातलेले बूट घोट्यापर्यंत बर्फात रुतले. तिने हातमोज्याने मागच्या चाकावरचा बर्फ पुसला, वाकून बघितलं, मग पुढच्या चाकाशी गेली आणि तिथेही बघितलं. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अल्बिन, खाली उतर."

"थंडी आहे."

"उतर म्हणते ना!"

तो उतरला.

"पुढे बर्फात पकड घेणारे हिवाळी टायर आणि मागे बर्फात घसरणारे उन्हाळी. नोव्हेंबर संपत आला. हे काय आहे?"

अल्बिनने आपल्याच गाडीकडे शेजाऱ्याची असावी तसं बघितलं. "दोन राहिलेले दिसतात."

"राहिलेले? अरे, चारच चाकं असतात गाडीला! चाळीस नसतात!"

 त्याचं हे 'राहिलेलं' गेर्लिंडे एकतीस वर्षं बघत आली होती. कुंपणाला रंग दिला तो फाटकापर्यंत. न्हाणीघराच्या फरशा बसवल्या त्या खांद्याइतक्या उंच, वर अजून नुसतं सिमेंट. मुलीसाठी करायला घेतलेला पाळणा पुरा झाला तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. ऑगस्टमध्ये लाकडं ठेवायच्या खोपटाचं छप्पर अर्ध्यावर सोडून तो आत येऊन जेवायला बसला, तेव्हा तिचा तोल गेला. "एक काम तरी कधी पुरं केलंयस का तू आयुष्यात?" असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

पुढच्या सोमवारी त्याने घटस्फोटाचा अर्ज आणून टेबलावर ठेवला. एकूण एक रकाना भरलेला, सुवाच्य अक्षरात, खाली सही. फक्त तिच्या सहीची जागा मोकळी. गेर्लिंडेने रागाच्या भरात तिथेच सही ठोकली. नंतर तीन महिने ती वाट बघत होती, हा माणूस काहीतरी बोलेल म्हणून. तो एवढंच बोलला, "तारीख तेवीस आहे."

आता तो डिकीतून जुनं गोणपाट काढून मागच्या चाकांखाली सारत होता.

"मागे काय घालतोस? पुढची चाकं ओढतात ना ही गाडी!"

"हं," तो म्हणाला आणि सारतच राहिला.

"तुला आज घटस्फोट हवाय की नको? अर्ज तुझा आहे. निदान स्वतःच्या घटस्फोटाला तरी वेळेवर पोचावं माणसाने!"

त्याने वर बघितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण थंडीच तेवढी होती.

आधी तिने वरच्या वाडीतल्या कासियानला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं, मग कोर्टात फोन लावला. तिकडच्या बाईने नाव विचारलं, नंबर विचारला, बराच वेळ कागद चाळले आणि पुढची तारीख सांगितली.

"मार्चमध्ये," गेर्लिंडेने फोन ठेवत सांगितलं. "चार महिने! आणखी चार महिने तुझं ते अर्धवट न्हाणीघर बघायचं मी."

"मार्चपर्यंत बर्फ वितळेल," अल्बिन म्हणाला.

हातातला फोन त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे तिला नीट कळेना, म्हणून ती पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिली.

अर्ध्या तासाने कासियानचा ट्रॅक्टर खडखडत आला. "काय गं, एवढी नटूनथटून चरात?" तो हसला. तिचा चेहरा बघून मात्र त्याने विषय वाढवला नाही. अल्बिनला स्टिअरिंगवर बसवून काच वर करायला लावली आणि साखळी घेऊन तो गाडीमागे गुडघ्यांवर बसला.

"हे अजून असेच ठेवलेत होय याने," मागच्या चाकाकडे बघत तो पुटपुटला.

"अर्धवट कामं, दुसरं काय!" गेर्लिंडे उसळली. "दोन हिवाळी चढवले आणि दोन राहिले म्हणे."

कासियानचा हात साखळीवरच थांबला. "राहिले? अगं, चारही चढवले होते त्याने, ऑक्टोबरातच, माझ्या शेडमध्ये. काल दुपारी तू कामावर असताना बघतो तर हा अंगणात बसून मागचे दोन काढतोय. म्हटलं, बर्फ येतोय रे, डोकं फिरलंय का तुझं? तर म्हणाला, उद्या कोर्टात जायचंय."