पत्ते टाकायची शिस्त

क्रमांक तीनशे बारा.
ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेत तो नेहमीसारखाच तावातावाने खेळत होता. शिकवणाऱ्या मास्तरांचा मेसेज आला, "अहो, प्रत्येक डावात उडी कशाला? पत्ते टाका, डाव सोडून द्या, गप्प बसा. बाकीचे आपसात मरतात, आपण आपोआप वर सरकतो."

क्रमांक एकशे नव्वद.
बंद दाराआडून आज शिव्या येत नव्हत्या, टेबलावर मूठही आपटत नव्हती. बायकोने लेकीला दटावलं, "बाबांना हाक मारू नकोस. कधी नव्हे ते डोकं थंड आहे त्यांचं."

क्रमांक सत्तेचाळीस.
मास्तरांनी तिलाच फोन केला. "वहिनी, मी इथून त्यांचा खेळ बघतोय. दोन तासांत एकदाही मोहात पडले नाहीत. दरवेळी पुरता वेळ घेतात आणि पत्ते टाकतात. माझी जीभ झिजली सांगून, आज एकदाचं पटलं. असंच बसू द्या त्यांना."

क्रमांक एकतीस.
तरीही न राहवून ती चहा घेऊन आत गेली. त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती. हात केव्हाच गार पडला होता. पडद्यावर त्याची पाळी आली, वेळ संपला आणि कॉम्प्युटरने त्याच्या वतीने पत्ते टाकून दिले.

क्रमांक तीस.