पोपटी जाकिटाची मागणी

मालाचं नियोजन बघणाऱ्या बाईंनी मागच्या हंगामात सॉफ्टवेअरचा अंदाज साहेबांपुढे ठेवला होता: पोपटी जाकीट कोणी घेणार नाही. पण रंग साहेबांनी स्वतः निवडलेला. "यंत्राला काय कळतंय फॅशनमधलं?" म्हणत त्यांनी गोदाम भरून जाकिटं शिवून घेतली. दुकानात त्यांना काळं कुत्रंही विचारेना. मग फर्मान निघालं. उरलेला माल कर्मचाऱ्यांनी विकत घ्यायचा, आणि मीटिंगला तेच घालून यायचं. प्रत्येकाच्या नावावर एकेक बिल फाडलं, पगारातून कापूनही घेतलं.

आज नव्या हंगामाचा अंदाज पडद्यावर आला आणि साहेबांची छाती फुगली. "पोपटी जाकीट. सगळा माल संपला. या वेळी दुप्पट बनवा," त्यांनी मोठ्याने वाचलं, मग चवीने पुन्हा वाचलं. "आली शेवटी यंत्रालाही अक्कल! फॅशनला पारखी नजर लागते हो, नजर! कोण आहेत हे ग्राहक, बाई?"

टेबलाभोवती सगळे माना खाली घालून बसले होते. बाईंना मापाचं जाकीट मिळालंच नव्हतं. काखेत शिवण काचत होती. इतके दिवस गिळलेलं आज तोंडून निघूनच गेलं.

"समोरच बसलेत, साहेब."

आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल, असं त्यांना वाटलं. साहेबांनी त्या पोपटी रांगेवरून सावकाश नजर फिरवली आणि समाधानाने मान डोलावली.

"मग बरोबरच आहे यंत्राचं. या वेळी प्रत्येकी दोन."