झूम

चौथ्या मजल्यावरून फोनमध्ये गाडीचा नंबर नीट येत नाही, म्हणून परक्या शहरात, न्यू टाउनला राहायला आल्या आल्या मृणालने झूम असलेला एक स्वस्तातला कॅमेरा घेतला. शर्वी शाळेच्या मुलांना नेणाऱ्या पूलकारमध्ये बसली की रोज गॅलरीतून नंबरप्लेटचा फोटो. लेकीचा मात्र एकही नाही. "दृष्ट लागते रे!" म्हणत ती नवऱ्यालाही काढू द्यायची नाही.

आज शर्वी शाळेत पोचलीच नाही. मृणाल कॅमेरा छातीशी धरून पोलीस ठाण्यात धावली. नंबरावरून गाडी लगेच सापडली. रिकामी.

"दीदी, अब बच्ची का फोटो दीजिए."

ती एकेक फोटो मागे नेत राहिली. प्रत्येकात नंबर अगदी लख्ख होता.



आणि कडेला, खिडकीतून बाहेर आलेला, तिला टाटा करणारा एक इवलासा हात.