थर्माकोलचं नाक

रंगाच्या कारखान्याच्या वर्धापनदिनासाठी मालक धारप यांनी स्वतःचाच थर्माकोलचा पुतळा करवून घेतला होता. सोहळ्याला तासभर उरला असताना पुतळ्याच्या नाकावर मार्करची निळी रेघ दिसली.

"अ‍ॅसिटोन आणा," त्यांनी लॅबमधल्या केमिस्ट कुंदाताईंना फर्मावलं.

"साहेब, त्याने थर्माकोल विरघळतं."

"अहो, नेलपॉलिश काढायचं पाणी ते. बायका रोज बोटांना लावतात. विरघळली का कुणाची बोटं?"

बावीस वर्षं कुंदाताईंची प्रत्येक सूचना याच सुरात उडवली गेली होती. त्यांनी बाटली आणून दिली. धारपांनी कापसाचा बोळा भिजवला आणि स्वतःच्या हाताने रेघ पुसली. रेघ गेली. पाठोपाठ नाकही चरचरत आत बसलं, मग वरचा ओठ. अ‍ॅसिटोन बघता बघता उडून गेलं आणि चेहऱ्याच्या जागी चिकट लगदा उरला.

धारप बराच वेळ आपलं खरं नाक चाचपत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "या अ‍ॅसिटोनपासून आणखी काय काय सांभाळायला हवं?"

कुंदाताईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब. सांगायला वेळ लागेल."