बिननावाचे बोकड

कापायच्या जनावराला नाव द्यायचं नाही, हा खाटकाचा नियम. मांसबंदी आली आणि मागच्या अंगणात बोकड तसेच उरले. "आता ही धोंड जन्मभर आपल्याच गळ्यात!" तो करवादला. पण रोज चारा घालायचा तर हाक काय मारायची? त्याने जुन्या गिऱ्हाइकांचीच नावं एकेकाला देऊन टाकली.

वर्षाने बंदी उठली. हेडमास्तर पिशवी घेऊन सकाळीच दुकानात हजर.

"हेडमास्तर!" खाटकाने अंगणाकडे तोंड करून हाक मारली. दाढीवाला बोकड उड्या मारत आला.

हेडमास्तरांनी पिशवी पाठीमागे घेतली. "दुसरा दाखव."

"डॉक्टर आहेत, पोस्टमन आहे, तुमचे व्याही आहेत. बोला, कोणाला कापू?"

व्याह्यांच्या नावापाशी हेडमास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "अंडी आहेत का?"