पाचवी रेघ

स्क्रीनवर पाच रंगांच्या पाच रेघा होत्या, आणि एकनाथराव सर त्यांच्याकडे घरात नवी सून आल्यासारखे कौतुकानं बघत होते.

"रंजना, बघितलंस का कौस्तुभनं काय काढलंय?"

रंजनानं बघितलं होतं. सकाळपासून तिसऱ्यांदा बघत होती, आणि दर वेळी पोटात दुखत होतं.

पेशीच्या आवरणात प्रथिनाची एक नळी असते, तिच्यातून क्षार ये-जा करतात. ती कशी हलते याची हजारो चित्रं कंप्युटर काढून देतो. सारखी दिसणारी चित्रं एका गटात घालायची, आणि नळी कुठे रुंद, कुठे चिंचोळी, ते प्रत्येक गटासाठी एकेका रेघेनं दाखवायचं. रंजनानं सात वर्षांपूर्वी याच नळीवर पीएचडी केली होती. तिचेही पाचच गट होते. तिनं नळीचा व्यास मांडला होता, यानं त्रिज्या. एवढीच काय ती अक्कल. कालचं पोर आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतं, आणि सरांना त्याचंच अप्रूप.

बाजार खुला झाला तशी प्रयोगशाळेत परदेशी यंत्रं आली, रंगीत पडद्याची. कौस्तुभ पुण्याहून आला तो थेट त्यांच्यासमोरच बसला. रंजनाच्या वेळचं यंत्र रडतखडत चालायचं. आकडे साठवायच्या पाच टेपांतल्या चार धड निघाल्या तरी नशीब म्हणायचं. आलेख हातानं काढायचे, फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी लावून, काळ्या शाईत, मान मोडेपर्यंत. हा बटण दाबतो आणि चहाला जातो.

"पोट्टा लई हुशार आहे, बाई," शिपाई अंबाजी कप ठेवताना म्हणाला.

"हौ, माहीत आहे," रंजना म्हणाली. चहा तसाच गार झाला.

खरं दुखणं वेगळं होतं. एका परदेशी औषध कंपनीनं प्रयोगशाळेशी करार केला होता. त्यात कायमची जागा एकच, आणि सर सोमवारी एकच नाव देणार होते. रंजना सात वर्षं दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज लिहीत होती. विद्यानगरच्या दोन खोल्यांत आई दर वेळी विचारायची, "कायम झालीस का गं?" रंजना म्हणायची, "होईन." आता तो शब्दही तिला नकोसा झाला होता.

दुपारी ती कौस्तुभच्या टेबलापाशी गेली. "तुझा तो आलेख दे जरा."

"ताई, दोन पानं आहेत. दुसरंही बघा ना," तो घाईनं म्हणाला. "खरं तर पाचव्या गटाबद्दल तुमच्याशी बोलायचंच होतं."

"नक्को. आलेखच पुरे. बोलू उद्या."

पहिलं पान घेऊन ती जागेवर आली, भिंग काढलं आणि रेघेवर रेघ तपासू लागली. चुकलेलं काहीतरी सापडावं असं तिला मनापासून वाटत होतं. लाज वाटली, पण भिंग खाली ठेवलं नाही.

आणि सापडलं. चार रेघा बारीक बारीक थरथरत होत्या. पाचवी मात्र लोण्यातून सुरी गेल्यासारखी गुळगुळीत होती. तिच्या टोकाशी एक इवलासा तारा होता; छपाईचा डाग असेल म्हणून रंजनानं सोडून दिला. त्या दिवशी किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली आणि पान पुढे सरकवलं.

"सर, पाचवी रेघ बनावट आहे."

सरांनी चष्मा वर केला. "विचार करून बोलतेस ना?"

"अणू एका जागी स्वस्थ बसत नाहीत, सर. खरी रेघ थरथरतेच. ही यंत्राची नाही, हाताची आहे. फ्रेंच कर्व्ह लावून ओढलेली."

"त्या पोरानं फ्रेंच कर्व्ह जन्मात कधी हातात धरलाय का?"

"ते मला माहीत नाही. पण रेघ मी ओळखते."

सरांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. रंजनाला राहवलं नाही. "खोटी निघाली तर काय, सर?"

"तर ज्यानं ती ओढली, त्यानं आजच टेबल रिकामं करायचं. कोणी का असेना."

ते 'कोणी का असेना' रंजनाला फार आवडलं. सर पहिल्यापासून न्यायी होते. अंबाजीला पाठवून त्यांनी कौस्तुभला बोलावलं. तो खांद्याला पिशवी अडकवूनच आला. सरांनी रेघेवर बोट ठेवलं. त्यानं एकदा रंजनाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"हो सर. पाचवी रेघ माझी नाही."

रंजनाला इतकं हलकं वाटलं की तिनं खुर्चीचा हात धरला. आईला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा मनात जुळलं.

"मग कुणाची?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या पानावर लिहिलंय, सर, ताऱ्याची टीप. मला चारच गट मिळाले. नऊ वेळा चालवून बघितलं, पाचवा काही निघेना. वाटलं, माझंच चुकतंय, ताईंचं कसं चुकेल? काल विचारणारच होतो, पण त्यांना वेळ नव्हता."

त्यानं पिशवीतून एक काळा, जाडजूड प्रबंध काढला. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत रंजनाचं नाव होतं. कोठी बाजारातल्या बाइंडरकडून तिनं ते हौसेनं घालून घेतलं होतं. खूण घातलेलं पान उघडून त्यानं प्रबंध सरांसमोर ठेवला.

"ताईंनी व्यास काढला होता, सर," तो म्हणाला. "मी फक्त निम्मा केला."