चहा की पाणी

"बाई, आमच्या वरच्या खोलीत राहायला याल?" मैत्रिणींनी पैज लावली आणि मी भर वर्गात विचारलंच! मला स्टेजवर बोलायला शिकवणाऱ्या बाई संध्याकाळी खरंच घरी आल्या.

भाडेकरू पसंत पडला की बाबा चहा सांगतात, नाही पडला की पाणी.

"शाळेत कायम आहात ना?" बाबांनी विचारलं.

"नाही, तासावर आहे. मेमध्ये पगार नसतो, पण शिकवण्या घेते."

"चिऊ, बाईंना पाणी आण."

मी पाणी आणलं. बाई ते पिऊन, हसून निघून गेल्या.

"आई, बाबा, माझं ठरलं," मी दार लावत म्हणाले. "मी बाईंसारखी शिक्षिका होणार. भाड्याने खोली मागायला आले, तर मलाही पाणीच द्या."